दुपट्ट्याखालचा निकाल

माझ्याबद्दल वाशीम-मालेगावकडे दोन गोष्टी सांगतात. एक, हा माणूस बैलाचं तोंड न उघडता नुसत्या चालीवरून वय सांगतो. दुसरी, यानं मालेगावच्या पटात किन्हीराजाची हरलेली जोडी जिंकवली. पहिली गोष्ट खोटी आहे. दात पाहिल्याशिवाय बैलाचं वय ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पण ती मी कधी खोडली नाही, धंद्याला बरी होती. दुसरीही खोटी आहे, आणि ती खोडता खोडता माझे केस पांढरे झाले. या अंकासाठी संपादकांनी धंद्यातल्या गमती मागितल्या. गमती मागाहून पाहू. आधी ही दुसरी गोष्ट.

मी बैलांचा दलाल. जुनी माणसं आम्हाला हेडी म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. माझ्या बापाच्या दावणीला कधी बैल नव्हता. दुसऱ्यांचे बैल बाजारापर्यंत हाकत नेण्याच्या मजुरीवर मी सुरुवात केली आणि बाजारात गप्प उभा राहून सगळं शिकलो. शिंगाला तेल चोळून म्हातारा बैल तरणा कसा करतात, अडेल बैलाला विकायच्या दिवशी गूळ चारून कसं हसतमुख ठेवतात, हे मला कोणी शिकवलं नाही. माझे डोळे होते. राग मात्र जन्माचा. सौदा मोडला की मी दुपट्टा झटकून चालू लागतो, आणि दहापैकी नऊ वेळा गिऱ्हाईक मागे धावतं.

गिऱ्हाइकांचे प्रकार काय सांगू! मेडशीकडचा एक शेतकरी नवा बैल घ्यायला येताना घरचा जुना बैल सोबत आणायचा. दोघांना समोरासमोर बांधून स्वतः बाजूला चिलीम ओढत बसायचा. दुपारपर्यंत जुन्या बैलानं नव्याचं अंग चाटलं तर सौदा, नाहीतर रामराम. मी खूप चिडायचो. पण त्या माणसाच्या गाडीचं जू कधी वाकडं चाललेलं मी पाहिलं नाही, हेही खरं.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर दुपट्टा टाकतात, आणि बोटं दाबून आकडे सांगतात. आधी दहाईची बोटं, मग एकेरीची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त चार डोळ्यांमध्ये राहतो. आणि दुपट्ट्याखाली जे झालं ते बाहेर सांगायचं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. हा आमचा धर्म. ज्यानं तो मोडला त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही.

आता पट. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. माघात पिकं निघाली की मालेगावच्या शिवारात दरसाल भरायची. दोन सरळ पट्ट्या आखायच्या, प्रत्येकीवर हलका छकडा जुंपलेली एकेक जोडी, वर हाकणारा एक धुरकरी, आणि शेवटी चुन्याची रेघ. जिची नाकं रेघेवर आधी, ती जोडी पुढच्या फेरीत. ऐकायला सोपं आहे. पण गवळाऊ जातीचे बैल धावतात तेव्हा डोळ्याची पापणी मिटेपर्यंत निकाल लागलेला असतो, आणि भांडण वर्षभर पुरतं.

ते भांडण ऐकायचं तर मालेगावच्या मोटार अड्ड्यावरच्या हाटेलात बसावं. तिथं किन्हीराजाचा बळीराम नावाचा शेतकरी पटाचा मोठा दर्दी होता. त्याला स्वतःचा बैल नव्हता, पण तोंड चार जोड्यांचं होतं.

"धनजचे बैल का?" बळीराम म्हणायचा. "चांगले आहेत ना. वरातीत लय शोभतात."

धनजकडचं कोणी बसलेलं असलं की लगेच उत्तर यायचं. "आन् तुमचे किन्हीराजाचे कसे? रेघ दिसली का थांबतात. म्हणतात, मालक, पलीकडे कोनाचं वावर आहे ते इचारून या आधी!"

"अबे, मागच्या साली झेंडी पडाच्या आधीच सुटले तुमचे. पंचाचे डोळे काय बाजारात गेल्ते?"

"पंचाचे डोळे तुमच्या खिशात व्हते!"

हसत हसत चालायचं ते कधीकधी हातघाईवर यायचं. कारण पूर्वी पंच रेघेवरून ओरडून निकाल द्यायचे. हरलेल्या गावची माणसं तिथंच उभी असायची. एका साली एका पंचाला लोकांनी धोतरासकट उचलून डबक्यात बसवलं. पुढच्या साली कोणी पंच व्हायला तयार होईना.

तेव्हा गावकऱ्यांनी मला बोलावलं, आणि तोड मी काढली. त्याचा मला फार अभिमान होता. मी म्हटलं, "रेघेच्या दोन बाजूले दोन पंच उभे करा. त्यायच्यावर एक सरपंच, तो खुर्चीवर बसन. दोघं पंच त्याच्यापाशी जाऊन दुपट्ट्याखाली जोडीचा नंबर देतीन, भाव देतो तसा. दोघायचं जमलं तर तोच निकाल. नाई जमलं तर सरपंचाचा सोताचा. कोन्या पंचानं काय देलं ते कोनाले समजनार नाई. मंग डबक्यात कोनाले बसवसान?"

सगळ्यांना पटलं. जोड्यांना चिठ्ठ्या टाकून नंबर मिळायचे आणि ते छकड्यावर गेरूनं लिहायचे. एक पंच मी. दुसरा सखाराम माळी. हा माझा मित्र, गावाच्या कडेच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवून बाजारात विकायचा. नजर घारीची. सरपंच म्हणून सगळ्यांनी एकमुखानं अण्णासाहेब देशमुखांचं नाव घेतलं. मोठी जमीन, तोलून बोलणं, आणि आयुष्यात खोटं बोललेला माणूस नाही अशी ख्याती. मी त्यांना रीत सांगितली, की आम्ही दुपट्ट्याखाली हात देऊ आणि मग निकाल तुम्ही द्यायचा, तेव्हा अण्णासाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "उत्तम पद्धत आहे."

दोन साल पट शांत झाले. डबकं कोरडं राहिलं. हाटेलात लोक माझी पाठ थोपटायचे. एकच नवी समजूत निघाली, की उजवी पट्टी देवाची. उजव्या पट्टीवरच्या जोड्या जास्त जिंकतात असं लोकांच्या लक्षात आलं होतं. मालक त्या पट्टीला नारळ फोडू लागले, आणि डावी पट्टी वाट्याला आली की बायका घरी तोंड पाडून बसू लागल्या.

तिसऱ्या साली शेवटच्या फेरीत किन्हीराजा आणि धनज समोरासमोर आले. किन्हीराजाची जोडी उजवीकडे. ते दोन्ही बैल गोऱ्हे असताना मीच विकलेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. डावीकडे धनजच्या रामराव पाटलांची जोडी. रामरावांनी ती घरच्या गाईच्या पोटची वाढवली होती. स्वतः उपाशी राहतील, पण बैलांची सरकी कमी पडू द्यायचे नाहीत. पटाला येताना बैलांना चालवत आणायचे नाहीत, खुर झिजतील म्हणून गाडीत घालून आणायचे. लोक हसायचे. रामराव म्हणायचे, "हसा. रेघेवर पाहू."

झेंडी पडली. मी रेघेवर डोळे लावून उभा होतो. धूळ, आरोळ्या, आणि मग चार बैलांची डोकी एकदम आली. पण एकदम आली नाहीत. धनजचा आतला बैल पूर्ण एका मानेनं पुढं होता. मी विकलेले बैल हरलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मला वाईट वाटलं, पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. मी अण्णासाहेबांकडे गेलो, दुपट्ट्याखाली धनजचा नंबर दिला. त्यांनी शांतपणे मान हलवली. मग पलीकडून सखाराम आला, त्यानं आपला दिला. पुन्हा मान हलली. अण्णासाहेब उठले आणि म्हणाले, "किन्हीराजा."

बळीराम माझ्या गळ्यात पडला तेव्हा मला कळलं की काय झालं आहे. मी सखारामकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, डोळे फाडून. मला वाटलं, चोर कसा पाहतो बघा! याच्याशिवाय दुसरं कोण? यानं किन्हीराजा दिलं, म्हणून आमचं जमलं नाही, आणि अण्णासाहेबांना स्वतःचा निकाल द्यावा लागला.

रामराव पाटील गर्दीतून सरळ माझ्यासमोर आले. भांडायला आले असतील म्हणून मी बाह्या सावरल्या. ते एवढंच म्हणाले, "तुह्ये बैल व्हते, तुहा निकाल झाला. आता धनजच्या शिवेत पाय ठेवू नको."

मी सावरलेल्या बाह्या खाली केल्या. दुपट्ट्याखालचं सांगायचं नाही. माझीच रीत, माझाच धर्म.

त्यानंतर धनजचा सगळा बाजार मला बंद झाला. गावोगावी माझ्या पाठीमागे बोलणं सुरू झालं. मी बैलाची कितीही खरी खोड सांगितली तरी गिऱ्हाईक हसायचं, "तुमी तर भाऊ हरलेलेबी जिंकवता." दलालाकडे दुसरं असतं काय? जमीन नाही, वतन नाही. एक शब्द. तो गेला. सखारामशी मी बोलणं टाकलं. बाजारात त्याच्या भाजीच्या ढिगासमोरून जाताना मी तोंड फिरवायचो, आणि गंमत म्हणजे तोही फिरवायचा. मला अजूनच राग यायचा. चोरानंच रुसावं!

वर्षं गेली. लढाई सुरू झाली, साखर मिळेना म्हणून हाटेलात चहा गुळाचा झाला, रामरावांची आणि किन्हीराजाची अशा दोन्ही जोड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. भांडण मात्र तरणं होतं. अशात अण्णासाहेबांचा जुना कारभारी वारला, आणि त्यांनी मला निरोप पाठवला. नांगराला जोडी हवी होती.

मी दोन जोड्या घेऊन सकाळीच त्यांच्या ओसरीवर गेलो. आदरानं बसलो, हात पुढे केला, दुपट्टा टाकला, आणि जोडीचा भाव दिला. जरा चढाच, उतरायला जागा ठेवून. अण्णासाहेबांनी मान हलवली. "हूं."

घासाघीस न करता कबूल? मला नवल वाटलं. मी तोंडानं विचारलं, "मंग ठरलं समजू?"

"किती म्हणालात?" ते सहज म्हणाले.

मी म्हटलं, ऐकू आलं नसेल. मग माझं मलाच हसू आलं, बोटांना कान कशाला लागतात? पुन्हा दाबली. या खेपेला दुप्पट. "हूं." मला शंका आली. मी अशी रक्कम दाबली की त्यात हत्ती आला असता. अण्णासाहेबांनी तितक्याच शांतपणे मान हलवली. शेवटी मी काहीच आकडा न देता त्यांची बोटं नुसती चोळली. "हूं," ते म्हणाले.

मी दुपट्टा बाजूला केला आणि विचारलं, "अण्णासाहेब, तुमी कदी बैल घेतला नाई का सोता?"

"मी कशाला घेईन? कारभारी पाहायचा सगळं."

"मंग पटात... आमी बोटं दाबत व्हतो तवा तुमाले काय समजे?"

ते मायेनं हसले. "तुम्ही दोघं हातात हात देऊन मला वचन द्यायचात, की अण्णासाहेब, तुम्ही जो निकाल द्याल तो आम्हाला कबूल आहे. फार आवडली होती मला ती रीत. मग मी मला दिसलं ते सांगायचो."

तीन सालं! तीन सालांचे पट, इतक्या जोड्या, इतकी भांडणं, ते फोडलेले नारळ, आणि एकदाही कोणाचा नंबर कोणाला पोचलाच नव्हता. आणि चूक कोणाची काढू? मी त्यांना बोटांची भाषा समजावलीच नव्हती. भाकर कशी चावायची हे कोणी कोणाला समजावतं का? बाजारात वाढलेल्या माणसाला हे सुचतच नाही, की जगात असाही माणूस असतो ज्याला जन्मात कधी भाव करावा लागला नाही.

जोड्या तिथंच ओसरीपुढे सोडून मी सरळ सखारामच्या मळ्यात गेलो. तो वाफ्याला पाणी देत होता. मला पाहून त्यानं फावडं जमिनीत रोवलं.

"काहून आला?"

"मले एक सांग. त्या दिवशी तू काय देलं?"

"दुपट्ट्याखालचं मले इचारतं? तू?"

"गेला तो दुपट्टा खड्ड्यात! अण्णासाहेबाले बोटं येतच नाई. आत्ता पाहून आलो. सांग, काय देलं?"

सखाराम म्हणाला, "धनज."

"मीबी धनज."

पाणी वाफा फोडून दुसरीकडे वाहून राहिलं होतं, पण त्याला भान नव्हतं. "म्हंजे इतके सालं," तो म्हणाला, "मी तुले बेइमान समजून राह्यलो, आन् तू मले?" मग एकदम खाली बसला. "बाप्पा! माह्या पोरीच्या लग्नात तुले बोलावलं नाई रे मी."

त्या पोरीला मी कडेवर घेऊन बाजारात फिरवलं होतं.

थोड्या वेळानं तोच उठला आणि म्हणाला, "पण अण्णासाहेब खोटं नाई बोलनार. त्यायले किन्हीराजा पुढं दिसली कशी?"

आम्ही दोघं पटाच्या वावरात गेलो. अण्णासाहेबांची खुर्ची ठेवायचे ती कडुलिंबाची सावली तशीच होती. मी जुन्या रेघेच्या जागी डावीकडे सखारामला उभं केलं, उजवीकडे माझी काठी रोवली, आणि जाऊन लिंबाखाली बसलो. सावली रेघेच्या थोडी अलीकडे पडत होती, आणि तिथून तिरकं पाहिलं की उजवीकडची जवळची काठी सखारामच्या चांगली पुढं दिसत होती. दोघंही एकाच रेघेवर होते! उजवी पट्टी देवाची नव्हती. ऊन लागू नये म्हणून हलवलेल्या खुर्चीची होती.

"चाल," मी म्हटलं. "धनजले जाऊ."

"टांग तोडतीन."

"तोडू दे. माह्यं नाव परत घेऊन येतो."

सखारामच्या गाडीनं आम्ही गेलो. रामराव पाटील खळ्यात ज्वारी उफणत होते. म्हातारे झाले होते. आम्हाला पाहून सूप खाली ठेवलं. मी शिवेत पाय ठेवल्याची शिवी यायच्या आत सगळं सांगून टाकलं. अण्णासाहेबांची ओसरी, बोटं, वचन, दोघांनी दिलेला धनजचा नंबर, सारं. माझं झाल्यावर रामरावांनी हळूच विचारलं, "म्हंजे तुमी दोघंबी बेइमान नव्हते?"

"नाई पाटील. शंकराची आन."

"आन् अण्णासाहेबानं कोनाचं न ऐकता सोताच्या डोयानं पाहून सांगतलं?"

"हो ना! तेच तर सांगून राह्यलो."

रामरावांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. चेहरा असा झाला, जसं कोणी आतून दिवा काढून न्यावा. "मंग हारलो," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "हारलो कसे? जिंकले तुमी! आमी दोघं सांगतो ना!"

"अण्णासाहेब खोटं पाहत नाई. मी इतके साल म्हणे, पंचायनं पैसे खाल्ले व्हते, म्हून निकाल फिरला. पंच जर खरे व्हते, तर निकाल कायले फिरन?"

मी लिंब सांगितला, खुर्ची सांगितली, काठी सांगितली. काडीनं खळ्याच्या मातीत दोन पट्ट्या काढून दाखवल्या. आवाज चढला माझा. आयुष्यात शेकडो खोड्याळ बैल मी गरीब म्हणून विकले असतील, लोकांनी ते खरं मानलं. आणि एवढं एक खरं मला विकता येईना. रामराव मातीतल्या रेघांकडे पाहून मान हलवत राहिले. "तुमी दलाल लोकं. तुमच्याशी बोलन्यात कोन पुरन? पण मन मोठं केलं, इतक्या दुरून सांगाले आले. माह्यं चुकलं. तुले मी लय बोललो भाऊ. आजपासून धनज तुह्यं घर."

त्यांनी आम्हाला जेवू घातलं. ठेचा-भाकर, वर ताक. धनजचा बाजार मला उघडला, माझं नाव मला परत मिळालं. ज्यासाठी इतकी वर्षं जीव जळत होता ते सगळं पदरात पडलं, आणि मी ताटातली भाकर नुसती कुस्करत बसलो. त्या जोडीला जिंकलेली म्हणणारा धनजमध्ये सगळ्यांत पक्का माणूस हाच होता. तो मी माझ्या तोंडानं संपवला.

आम्ही निघालो. गाडी खळ्याच्या वाटेवर लागली तेव्हा मागून रामरावांचा आवाज आला. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ते सांगत होते, "अरे, आपली जोडी खरंच हारली व्हती बरं! उगाच त्या गरिबाले शिव्या देल्या."

मी गाडीत उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "जिंकली व्हती पाटील! जिंकली व्हती!" आवाजानं सखारामचे बैल बुजले आणि वाट सोडून धावत सुटले. मागे खळ्यात रामराव आम्हाला हात जोडून उभे होते.